वकीलपत्र कुठं आहे?

सध्या पीआरवर, म्हणजे जनसंपर्क व्यवसायावर, जो वाद चाललाय तो ऐकताना मला चाळीतल्या नळावरची भांडणं आठवतात. आवाज भरपूर, बादली कुणाचीच भरत नाही. सिनेमा पडला की निर्माता म्हणतो, पैसे चारून आमच्याविरुद्ध लिहून घेतलं. चालला की दुसरा म्हणतो, पहिल्या तीन दिवसांची तिकिटं ह्यांनीच घाऊक विकत घेतली. एखाद्या नटीची चार दिवस ओळीनं टर उडाली की 'निगेटिव्ह पीआर', म्हणजे पैसे मोजून केलेली बदनामी, हा शब्द येतो. तो आता अंधेरीच्या ऑफिसांतून निघून वडापावच्या गाडीपर्यंत पोचला आहे. संध्याकाळच्या चर्चेत एक ज्येष्ठ पत्रकार येतात आणि पीआरवाल्यांनी पत्रकारिता नासवली म्हणून हळहळतात. समोर पीआर एजन्सीचा कुणी तरुण संचालक असतो. तो 'नरेटिव्ह', 'परसेप्शन' असे शब्द पेरत ही काळाची गरज असल्याचं सांगतो. अर्ध्या तासानं दोघं हसत निरोप घेतात. पत्रकारांना पुढच्या आठवड्यात त्याच एजन्सीच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करायचं असतं, हे अर्थात चर्चेत येत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून मोकळा होतो. पैसे घेऊन दुसऱ्याची बाजू मांडणं हा धंदा आहे, पाप नाही. पैसे कोणी मोजले हे वाचकाला कळू न देणं मात्र फसवणूक आहे, मग मजकुरातला शब्द न् शब्द खरा का असेना. आणि ही फसवणूक एकट्या पीआरवाल्याला जमत नाही. तिला छापणारा लागतो. म्हणून 'पीआर चांगलं की वाईट' या प्रश्नात मला राम दिसत नाही. विचारायचं ते एवढंच, की तुम्ही ज्याच्या वतीनं बोलताय त्याचं नाव कुठं लिहिलंय? हे मी सोवळं नेसून बोलत नाही. आठ वर्षं एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर आणि त्यानंतर अकरा वर्षं लोअर परळच्या एका एजन्सीत काढली आहेत. प्रेस नोटा कापल्याही, लिहिल्याही.

दुसऱ्या बाजूचं जे खरं आहे ते आधी मान्य करू, कारण ते थोडंथोडकं नाही. जनसंपर्क म्हटलं की लोकांना चकचकीत कार्यक्रम आणि गिफ्टची पिशवी दिसते. पण रविवारी माटुंगा ते मुलुंड मेगाब्लॉक किती वाजता सुरू होणार, हे तुम्हाला कळतं ते मध्य रेल्वेच्या जनसंपर्क विभागाच्या प्रेस नोटमुळे. पाणीकपात कुठल्या वॉर्डात, हे महापालिकेच्या जनसंपर्क अधिकाऱ्यानं पाठवलेल्या कागदावरून. रेल्वेची ती नोट वेळेवर आली नाही तर आमच्या डेस्कवर धावपळ व्हायची, कारण स्टेशनात अडकलेला माणूस शिव्या रेल्वेला एक आणि पेपरला दोन घालतो. गोवंडीतल्या क्षयरुग्णांना औषधं वेळेवर मिळावीत म्हणून धडपडणाऱ्या एखाद्या लहानशा संस्थेकडे बातमीदार आपणहून जातो का? नाही जात. कुणीतरी मुद्देसूद नोट लिहून, आकडे तपासून, बरा फोटो जोडून पाठवतो, वर दोनदा फोन करतो, तेव्हा कुठं आतल्या पानावर तीन परिच्छेद येतात. आणि बातमीदार जाणार तरी कसा? मी डेस्कवर रुजू झालो तेव्हा शहराच्या पानासाठी अकरा जण फिरत होते. मी सोडलं तेव्हा पाच उरले होते, पानं मात्र वाढली होती. ती रिकामी जागा प्रेस नोटेनं भरली. भरली नसती तर ती कोऱ्या कागदासारखी निघाली असती, हा एजन्सीवाल्यांचा टोमणा अगदी रास्त आहे.

पण त्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा वकिलाचा. आरोपीलाही वकील मिळतो. 26/11 च्या खटल्यात कसाबलाही मिळाला, आणि या शहरानं ते मनावर दगड ठेवून का होईना, पण योग्यच केलं. मग एखाद्या कंपनीला, नेत्याला किंवा सिनेमाला आपली बाजू पटाईत माणसाकडून मांडून घ्यायचा हक्क का नसावा? असावा. मला हे बिनशर्त मान्य आहे. फक्त मग ही तुलना अर्ध्यावर सोडू नका, शेवटपर्यंत न्या. किल्ला कोर्टात वकील उभा राहतो तेव्हा आधी वकीलपत्र दाखल झालेलं असतं. त्यावर अशिलाची सही असते, तिकीट लावलेलं असतं. वकिलाच्या अंगावर काळा कोट असतो. तो बोलायला लागला की न्यायाधीशापासून दाराशी उभ्या पट्टेवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं, हा कुणाचा माणूस. म्हणून तो कितीही रंगवून बोलला तरी कुणाची फसगत होत नाही. ऐकणारा तेवढी वजावट करूनच ऐकतो. आता हाच वकील कोट काढून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन उभा राहिला आणि 'मी आपला रस्त्यानं चाललो होतो, माझ्या डोळ्यांनी पाहिलं' असं सांगू लागला तर? वाक्यं तीच असतील, पण त्याची सनद जाईल. आपल्याकडच्या पीआरचा मोठा भाग कोट काढून चालतो.

असा एक साक्षीदार जगानं पाहिलाही आहे. 10 ऑक्टोबर 1990 ला वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी काँग्रेसच्या काही सदस्यांच्या मानवाधिकार गटापुढं पंधरा वर्षांची एक कुवेती मुलगी बोलली. नाव सांगितलं गेलं ते फक्त नायिरा. कुवेत बळकावणाऱ्या इराकी सैनिकांनी इस्पितळातल्या काचेच्या पेट्यांतून तान्ही बाळं काढून जमिनीवर टाकली, हे आपण पाहिल्याचं तिनं रडत सांगितलं. अध्यक्ष बुश यांनी ती गोष्ट पुढं अनेकदा सांगितली, आणि जानेवारी 1991 मध्ये अमेरिकेचं इराकशी युद्ध सुरू झालं. 1992 साली उघड झालं की ती कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूताची मुलगी. तिची साक्ष घडवून आणण्यामागं हिल अँड नोल्टन ही बडी पीआर कंपनी होती आणि कंपनीचं बिल भरणाऱ्या 'नागरिकांच्या' संघटनेत पैसा जवळजवळ सगळा कुवेत सरकारचा. पुढच्या तपासात बाळांच्या त्या गोष्टीला आधार सापडला नाही, हा भाग क्षणभर बाजूला ठेवा. त्या दिवशी तिचं पूर्ण नाव आणि बिल भरणाऱ्याचं नाव सांगितलं असतं तर काय झालं असतं? तिला बोलू दिलंच असतं. फक्त ऐकणाऱ्यानं आपली वजावट केली असती.

गंमत म्हणजे हा नियम पीआरच्या विरोधकांनी शोधलेला नाही. आयव्ही ली नावाचा अमेरिकी माणूस या धंद्याच्या आद्य पुरुषांतला मानला जातो. आधी तो वृत्तपत्रात बातमीदार होता. 1906 साली कोळसा खाणमालकांचं काम करताना त्यानं संपादकांना एक जाहीरनामाच पाठवला. आमचं काम चोरून चालत नाही, कुणासाठी बोलतो ते आम्ही सांगतो, आणि आमचा एखादा मजकूर खरं तर तुमच्या जाहिरात विभागाकडं जायला हवा असं वाटलं तर तो वापरू नका, असा त्याचा आशय. शंभराहून जास्त वर्षं झाली, यापेक्षा स्वच्छ नियम कुणी लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही. पुढं हाच ली रॉकफेलर या अमेरिकी उद्योगपतीच्या पदरी गेला. 1914 मध्ये कोलोरॅडोत लडलो इथं संपकरी खाणकामगारांच्या तंबूंवर हल्ला होऊन बायकामुलं मेली, तेव्हा रॉकफेलरच्या खाण कंपनीची बाजू सावरणारी पत्रकं त्यानं काढली आणि त्यातल्या काही गोष्टी धादांत खोट्या निघाल्या. 1934 साली जर्मनीच्या आय. जी. फार्बेन कंपनीकडून, म्हणजे आडून हिटलरच्या राजवटीसाठी, पैसे घेतल्याबद्दल अमेरिकी संसदीय समितीनं त्याला जाब विचारला. त्याच वर्षी तो वारला. त्या चौकश्यांमधून 1938 चा कायदा आला: परदेशी मालकासाठी प्रचार करत असाल तर नोंदणी करा आणि मजकुरावर तसं लिहा. पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर 'जाहिरात' असं लिहायची सक्ती तर अमेरिकेनं 1912 मध्येच केली होती. जाहीरनामा लिहिणाऱ्याला स्वतःचा जाहीरनामा पाळता आला नाही, म्हणून कायदा करावा लागला. यातून आपल्या व्यावसायिक संघटनांच्या आचारसंहितांवर किती विसंबावं, याचा अंदाज ज्याचा त्यानं बांधावा. आपल्याकडंही पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया 1958 पासून आहे, तिची नीतिसंहिता 1968 पासून. दर 21 एप्रिलला जनसंपर्क दिन साजरा होतो, व्याख्यान होतं, समोसा-कॉफी होते.

आणि नाव छापण्याची गोष्ट आपल्याला नवी थोडीच आहे? कुठलंही दैनिक उचला आणि तळाची मुंगीएवढ्या अक्षरांतली ओळ वाचा: मुद्रक अमुक, प्रकाशक तमुक, संपादक अमुक, कायद्यानुसार जबाबदारी यांची. ही ओळ 1867 च्या कायद्यानं आली. इंग्रजांनी ती वाचकांच्या प्रेमापोटी आणली नव्हती, छापणाऱ्याची मानगूट चटकन धरता यावी म्हणून आणली होती. पण ती राहिली, आणि 2023 साली नवा कायदा आला तरी संपादक-प्रकाशकाची जबाबदारी काही सुटली नाही. निवडणुकीत कुणी नाक्यावर हातात पत्रक कोंबलं तर तळाशी मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता असावाच लागतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं 127 अ कलम तसं सांगतं. म्हणजे गल्लीतल्या उमेदवाराच्या दोन रुपयांच्या कागदाला जे बंधन आहे ते शहराच्या सगळ्यात महागड्या पानावर बातमीच्या वेशात आलेल्या मजकुराला नाही. हे तर्कात बसतं का?

त्या नावाची किंमत दोन संपादकांनी या मुंबईत मोजली आहे. कोल्हापूरचा दिवाण तिथल्या छत्रपतींचा छळ करतो, हे 'केसरी' आणि 'मराठा'नं लावून धरलं. हाती आलेल्या काही पत्रांचा त्यात आधार होता. दिवाणानं फिर्याद केली आणि ती पत्रं बनावट निघाली. 1882 साली आगरकर आणि टिळक यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी 101 दिवस काढले. आपण ही कथा देशभक्तीची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण मला तिच्यात दुसरंही दिसतं. कुणीतरी आपल्या हेतूनं कागद पुरवले, संपादकांनी ते पुरेसे न तपासता वापरले, आणि शिक्षा कागद पुरवणाऱ्यांच्या वाट्याला न येता छापणाऱ्यांच्या वाट्याला आली, कारण नाव त्यांचं होतं. आज डेस्कवर रोज ढिगानं असे कागद येतात. त्यातला एखादा खोटा निघाला तर तुरुंग राहू द्या, 'खुलासा' म्हणून दोन ओळी तरी येतात का?

आता एक अडचणीचा प्रश्न. नाव लिहिलं म्हणजे माणूस खोटं बोलायचा थांबतो का? नाही. सिगारेट कंपन्यांनी जानेवारी 1954 मध्ये अमेरिकेतल्या चारशेहून अधिक वृत्तपत्रांत पानभर निवेदन दिलं, तेही हिल अँड नोल्टनच्या सल्ल्यानं. धूम्रपान आणि कर्करोगाचा संबंध सिद्ध झालेला नाही असं वाचकांच्या मनावर ठसवायचं आणि आम्ही संशोधनाला पैसे देतो असं आश्वासन द्यायचं, हा बेत. निवेदनाखाली कंपन्यांची नावं ठळक होती. खोटेपणा त्यानं थांबला नाही, पुढं कित्येक दशकं चालला. पण शेवटी कोर्टात हे प्रकरण उभं राहिलं तेव्हा तोच नावानिशीचा कागद पुरावा म्हणून कंपन्यांच्या गळ्यात पडला. 2006 मध्ये अमेरिकी संघीय न्यायालयानं त्यांनी जनतेला फसवल्याचा निकाल दिला. नावाखाली बोललेलं खोटं उशिरा का होईना, परत घरी येतं. बेनामी खोट्याला परत जायला घरच नसतं.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे, आणि एजन्सीतला माझा जुना बॉस तो फार कळकळीनं मांडायचा. 'प्रायोजित' असा शिक्का मारला की कुणी वाचत नाही. मग चांगली कामंसुद्धा झाकली जातील. याचं उत्तर मी तर्कानं देत नाही, एका कात्रणानं देतो.

2011 च्या सुमारास आमचा एक क्लायंट बिल्डर होता. डिलाईल रोडवरच्या एका जुन्या चाळीचा पुनर्विकास त्याला करायचा होता आणि रहिवाशांची संमतीपत्रं अडली होती. मी ऑफिसात एसीखाली बसून चारशे शब्दांची नोट लिहिली. चाळ चालत दहा मिनिटांवर; मी गेलो नाही. 'स्वतःच्या हक्काच्या मोठ्या घराचं स्वप्न साकार होणार असल्यानं रहिवाशांमध्ये आनंदाचं वातावरण आहे' हे वाक्य माझं. चार दिवसांनी ती नोट एका दैनिकाच्या पाचव्या पानावर आली, दोन शब्द इकडचे तिकडे करून, वर 'प्रतिनिधी' असा शिक्का, म्हणजे जणू पेपरच्या स्वतःच्या बातमीदारानं दिलेली बातमी. महिनाअखेरीस मी ते कात्रण फायलीला लावलं. या फायलीचं एक शास्त्र असतं, बाहेरच्यांना ते माहीत नसतं म्हणून सांगतो. कात्रणावर पट्टी ठेवायची, कॉलम सेंटिमीटर मोजायचे, त्या पानाचा जाहिरातीचा दर काढायचा आणि गुणायचं. आलेला आकडा म्हणजे क्लायंटला फुकटात मिळालेली जाहिरात. पण तो आकडा आम्ही तसाच पाठवत नसू, त्याला आणखी तीननं गुणत असू. का? कारण लोक जाहिरातीपेक्षा बातमीवर जास्त विश्वास ठेवतात. 2010 मध्ये बार्सिलोनात जगभरच्या जनसंपर्कवाल्यांनी एकत्र येऊन ही मोजणी गैर असल्याचं जाहीर केलं. आमच्या एक्सेल शीटला बार्सिलोना कुठं आहे ते ठाऊक नव्हतं.

त्या 'गुणिले तीन'कडं जरा निरखून पाहा. मजकूर तोच, आकार तोच, पान तेच. फरक एकच, की जाहिरातीवर देणाऱ्याचं नाव असतं आणि बातमीवर नसतं. तेव्हा तो तिपटीचा भाव कशाचा होता? लपवलेल्या नावाचा. शिक्का मारला की कुणी वाचत नाही असं माझा बॉस म्हणायचा, तेव्हा तो हेच दुसऱ्या शब्दांत सांगत होता: आमच्या मालाला गिऱ्हाईक आहे ते तो कुणाचा माल आहे हे कळत नाही तोवर.

दीड महिन्यानं फोटोग्राफरला घेऊन मी त्या चाळीत गेलो. जिन्याखाली मीटरच्या पेट्यांशेजारी माझं कात्रण लॅमिनेट करून टांगलं होतं, आणि खाली संमतीची यादी. पहिल्या मजल्यावरच्या एका आजींनी चहा दिला. सही द्यायला त्या तयार नव्हत्या, शेवटी दिली. का दिली, विचारलं. ''अरे बाळा, पेपरात आलंय ना. बिल्डर काय स्वतःच्या घरी पेपर छापतो?'' मी चहा पिऊन खाली आलो. पुढं इमारत झाली. मध्ये दोन वर्षं भाडं थकलं, बरीच रखडपट्टी झाली, पण लोक परत आले. म्हणजे माझी नोट शेवटी तशी खोटीही ठरली नाही. तरीही त्या आजींची सही मी फसवून घेतली, यात मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. आज त्या बिल्डरनं विक्रीच्या घरांची जाहिरात दिली तर तिच्यात महारेराचा, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियामकाचा, नोंदणी क्रमांक लागतो, आणि 1 ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोडही. शेजारच्या कॉलमात 'प्रतिनिधी'नं लिहिलेली आनंदाच्या वातावरणाची बातमी आली तर तिला कोण क्यूआर कोड विचारतो?

वृत्तपत्रं यात बिचारी म्हणून बसतात, त्याचा मला अधिक राग येतो. प्रेस नोट आम्ही पाठवत होतो. तिच्यावर 'प्रतिनिधी' आम्ही लिहीत नव्हतो. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात एकमेकांच्या स्पर्धक वृत्तपत्रांत शब्दशः तेच स्तुतिलेख वेगवेगळ्या नावांनी छापून आले, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी मांडलं तेव्हा देशभर गाजलं. वृत्तपत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीनं 2010 मध्ये नावांसकट अहवाल दिला. कौन्सिलनं काय केलं? नावं गाळून छोटं टिपण काढलं. मूळ अहवाल संकेतस्थळावर आला तो 2011 मध्ये, माहिती आयोगाचा आदेश झाल्यावर. पैसे घेऊन नाव लपवणाऱ्यांची नावं त्यांच्याच पंचायतीनं लपवली! 2015 मध्ये विधी आयोगानं पेड न्यूजला, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातमीला, निवडणुकीतला गैरप्रकार ठरवण्याची शिफारस केली, तीही फायलीत गेली. काही माध्यमसमूह जाहिरातीच्या बदल्यात कंपन्यांचे शेअर घेत होते. तशी हिस्सेदारी बातमीसोबत उघड करा, असं शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीनं सुचवलं आणि कौन्सिलनं ते उचलून धरलं. वाचक म्हणून तुम्ही अशी ओळ किती वेळा पाहिलीत? आणि राडिया टेप्स, म्हणजे जनसंपर्क करणाऱ्या नीरा राडिया यांच्या फोनवरच्या बोलण्याच्या ध्वनिफिती. 2010 च्या नोव्हेंबरात त्या छापून आल्या तेव्हा लोकांना धक्का कशाचा बसला? जनसंपर्क करणारी बाई पत्रकारांशी फोनवर बोलते, याचा? ते तर तिचं काम. धक्का होता तो, रोज सकाळी आपण ज्यांना स्वतंत्र समजून वाचतो त्यांच्या कानाशी कोण आहे हे आपल्याला सांगितलंच नव्हतं, याचा.

सध्याची स्थिती तर उफराटी आहे. विशीतली एखादी मुलगी विरारच्या वन रूम किचनमध्ये साबणाचा रील बनवते, तर तिला त्यावर 'जाहिरात' लिहावं लागतं. जाहिरात मानक परिषदेनं, म्हणजे अस्कीनं, 2021 मध्ये तसे नियम केले आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 2023 च्या जानेवारीत. ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत. योग्यच आहे. पण मग तिच्याच साबणाचे गोडवे गाणारा अर्धा पान मजकूर 'आरोग्य प्रतिनिधी'च्या नावानं येतो, तो कुणाचा साबण?

भाट आणि चारण आपल्याकडं पूर्वीपासून होतेच, असं एक ठेवणीतलं उत्तर असतं. होते ना. भाट भर दरबारात, ज्याचं खातो त्याच्याचसमोर उभा राहून गायचा. ऐकणाऱ्याला बिदागी कुठून येते ते डोळ्यांनी दिसायचं. शाहीर तर पोवाड्याच्या शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफतो. आपली जुनी स्तुती सहीनिशी असायची. बेनामी स्तुती ही आपली परंपरा म्हणून कुणी सांगू नये. वाचक काही दुधखुळा नाही, त्याला सगळं कळतं, हे दुसरं उत्तर मला त्याहून घातक वाटतं. वाचकाला कळतं ते एवढंच, की यातलं काहीतरी विकत घेतलेलं आहे. कुठलं, ते कळत नाही. मग तो सगळ्यालाच नाक मुरडतो. उद्या साथीच्या दिवसांत महापालिकेनं खरी सूचना छापली तरी तो म्हणणार, 'हे पण पीआरच असेल.'

माझ्या या नियमाला जिथं काहीच करता येत नाही अशी एक जागा आहे, आणि ती मी लपवत नाही. एका क्लायंटच्या इमारतीत लिफ्ट कोसळून कामगार जखमी झाले, तेव्हा दोन दिवस माझं काम फक्त फोन करण्याचं होतं. काही छापून आणायचं नव्हतं, छापून येऊ द्यायचं नव्हतं. जाहिरात विभागाचा एक फोन वर, माझे चार फोन खाली, आणि बातमी आली नाही. न आलेल्या बातमीवर नाव कुठं छापणार? या दडपण्याला औषध एकच, मालकाच्या जाहिरात विभागाला न घाबरणारा संपादक, आणि तो कायद्यानं निर्माण होत नाही. साहेबांच्या नावानं लिहिलेल्या लेखांबद्दलही माझं मन अजून पक्कं नाही. मी अशी पंचवीसेक तरी संपादकीय पानावरची पांडित्यं लिहिली असतील, खाली फोटो उद्योजकाचा. पण तिथं निदान हितसंबंध कुणाचा ते फोटोत दिसतं, म्हणून मी त्याला जरा सैल सोडतो. माझा स्वार्थ असेल त्यात.

करायचं ते मात्र फार थोडं आहे. प्रेस नोटेवरून केलेल्या बातमीवर 'प्रतिनिधी' लिहायचं नाही. 'अमुक कंपनीनं पाठवलेल्या माहितीवरून' असं लिहायचं. पैसे, प्रवास, हॉटेल, शेअर, काहीही घेतलं असेल तर ते बातमीच्या वर, बातमीच्याच टायपात. 'इम्पॅक्ट फीचर', 'मीडिया उपक्रम' असली बुरखेदार नावं बंद. 'जाहिरात' हा सोपा मराठी शब्द आहे. एजन्सीनं आपल्या क्लायंटची यादी स्वतःच्या संकेतस्थळावर पूर्ण ठेवायची, फक्त मिरवण्यासारखी नावं नव्हे. आणि दुसऱ्याची बदनामी करण्याचं काम घेणाऱ्याचं सभासदत्व संघटनेनं काढायचं. ब्रिटनमध्ये 2017 साली दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेष चेतवणाऱ्या प्रचारासाठी बेल पॉटिंजर या नामांकित कंपनीला व्यावसायिक संघटनेनं पाच वर्षांसाठी हाकललं आणि काही दिवसांत कंपनी बुडाली. तेव्हा हे होतच नाही असं नाही. मध्यंतरी डेस्कवरच्या जुन्या मित्राला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, ''अरे, असं प्रामाणिक लिहायला लागलो तर आमच्या पाचव्या पानावर 'प्रतिनिधी' म्हणून हवामानच उरेल.'' मी म्हटलं, तेही वेधशाळेच्या नोटेवरूनच येतं.

राहता राहिलं या लेखाचं. याचे पैसे कुणी दिलेले नाहीत आणि तो मीच लिहिला आहे. सध्या कुठल्याही एजन्सीशी माझा संबंध नाही. वर सांगितलेल्या बिल्डरच्या ऑफिसातून दिवाळीला काजूकतलीचा डबा अजून येतो. गेल्या वर्षी परत पाठवायचा असं ठरवलं होतं. तोवर घरच्यांनी उघडला होता. मीही दोन खाल्ल्या.